सेमाडोह ते अमरावती : एका सुईचे अंतर

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एस. टी. घटांग सोडून सागाच्या जंगलात शिरली की प्रवाशांचे बोलणे हळूहळू थांबते. वळणे सुरू होतात, खिडकीशी बसलेला माणूस पेंगू लागतो, आणि परतवाड्यापासून सुमारे ५० किलोमीटरवर सिपना नदीच्या काठी सेमाडोह येते. पर्यटकांना हे गाव ठाऊक आहे ते व्याघ्र प्रकल्पाच्या संकुलामुळे. वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना मेळघाट ठाऊक आहे तो १९९३ पासून गाजत राहिलेल्या कुपोषणामुळे. वाघ आणि बालमृत्यू यांपलीकडे मेळघाटात आणखी काही घडत असेल, असे पुण्या-मुंबईच्याच काय, अमरावतीच्या माणसाच्याही सहसा मनात येत नाही. आज मला तिसऱ्याच विषयावर लिहायचे आहे. विषय जरा संकोचाचा आहे. रविवारची पुरवणी घरात सगळेच वाचतात, आजोबाही आणि सूनबाईही, हे ठाऊक असूनच तो निवडला आहे; कारण हा संकोचच माणसांचे प्राण घेतो असे मी जवळून पाहिले आहे.

माझे मामा वनखात्यात वनरक्षक होते. आमच्याकडे त्याला ‘नाकेदार’ म्हणतात. नोकरीची बरीच वर्षे मेळघाटात गेली आणि निवृत्तीनंतर ते सेमाडोहलाच राहिले. ‘जंगल सोडून परतवाड्यात काय माशा मारू?’ असे म्हणत. २०१६ च्या मे महिन्यात एका रात्री त्यांची लघवी पूर्ण तुंबली. पोट नगाऱ्यासारखे फुगले. कोणाची तरी जीप मिळाली, पहाटे परतवाड्याला नळी घातली, आणि जवळजवळ सव्वा लिटर लघवी निघाली. नंतर मामी सांगत होत्या, ‘दोन वर्सं झाले, रातच्याला पाच-पाच खेपा उठत होते. मले वाटे उन्हाळी लागली असन.’

उन्हाळी! वऱ्हाडात जन्मलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चैत्र-वैशाखातल्या उन्हात लघवीला जळजळ झाली की ती उन्हाळी. धन्याचे पाणी, सब्जा, कांद्याचा रस असे घरोघरी ठरलेले उपाय. त्यात गैर काही नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात पाणी कमी पडले की लघवी जळजळतेच. पण साठी ओलांडलेल्या पुरुषाची धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, संपली असे वाटूनही थेंब-थेंब येत राहणे, रात्री चार-चारदा उठणे ही उन्हाळी नव्हे. त्यावर आमचे म्हातारे आणखी एक उपाय शोधून काढतात. संध्याकाळनंतर पाणीच प्यायचे नाही. उन्हाळ्यात हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट.

हे दुखणे कुठून येते, ते थोडक्यात सांगतो. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीला वेढून बसलेली एक ग्रंथी असते. तिला प्रोस्टेट म्हणतात, मराठीत पुरःस्थ ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते. वय वाढते तशी ती बहुतेकांची वाढत जाते आणि मधून जाणारी नळी आवळते. ही साधी वाढ झाली. तो कर्करोग नव्हे आणि तिचा पुढे कर्करोग होतो असेही नाही. म्हाताऱ्या माणसाच्या लघवीच्या तक्रारींचे कारण बहुतेक वेळा ही साधी वाढच असते. कर्करोग निराळा. तो बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, नळीपासून दूर, गुदाशयाच्या भिंतीला लागून सुरू होतो. म्हणूनच सुरुवातीला तो काहीच त्रास देत नाही. आणि म्हणूनच अनुभवी डॉक्टर गुदद्वारातून हातमोजा घातलेले बोट आत घालून ती ग्रंथी चाचपून पाहतात. मऊ, रबरासारखी लागली तर साधी वाढ. एखादी जागा दगडासारखी कठीण लागली तर संशय. अर्ध्या मिनिटाची तपासणी, एका हातमोज्याचा खर्च. पण आमच्या पुरुषमंडळींना ती तपासणी म्हणजे अब्रूचा प्रश्न वाटतो. बायका बाळंतपणात काय-काय सोसतात ते पाहिलेल्या पुरुषांनी तरी ही लाज मिरवू नये, असे मला वाटते. असो.

मामांना अमरावतीला आणले. तिथल्या मूत्ररोगतज्ज्ञांनी बोटाने तपासले आणि त्यांचा चेहरा बदलला. दोन आठवडे थांबून रक्ताची पी. एस. ए. नावाची तपासणी केली. थांबायचे कारण त्यांनी समजावून सांगितले: लघवी तुंबली, नळी घातली किंवा जंतुसंसर्ग झाला की हा आकडा उगाच चढतो. साधारण ४ पर्यंतचा आकडा पूर्वापार ठीक मानला जातो. मामांचा ६४ आला. डॉक्टर म्हणाले, ‘बायॉप्सी करावी लागेल. सुईने तुकडे काढून तपासायला पाठवू.’

मामा उठून उभे राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘सुई टोचली का रोग खवयते. माह्या जोडीदाराचं काय झालं, पायलं न तू? सुई टोचली अन् सहा महिन्यांत गेला तो.’ मी शिकलासवरलेला भाचा. मला त्यांना तिथेच बसवून समजावता आले असते. पण मलाही आतून नेमके तेच वाटत होते. गाठीला धक्का लावू नये, हे मीही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आम्ही गोळ्या घेतल्या आणि सेमाडोहला परतलो. नळी निघाली, लघवी सुटली, आणि मामा सगळ्यांना सांगत सुटले की अमरावतीचे डॉक्टर उगाच कापाकापी करतात.

ही समजूत कुठून येते? मला त्याचे उत्तर पुढे सापडले. आपल्याकडे माणूस सुईपर्यंत पोहोचतो तोच मुळी रोग हाडांत गेल्यावर. मग सुई झाल्यावर चार-सहा महिन्यांत तो जातो, आणि गावाच्या आठवणीत सुई आधी व मरण नंतर अशी जोडी पक्की बसते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असाच हा प्रकार. सुईच्या वाटेने प्रोस्टेटचा कर्करोग इतरत्र रुजल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत, नाहीत असे नाही. पण ती इतकी विरळ आहेत की त्यांच्या भीतीने निदान टाळणे म्हणजे वीज पडेल म्हणून पावसाळ्यात पेरणीच न करणे होय.

सुई नेमके काय करते, हे परतवाडा-अचलपूरच्या बाजारात गेलेल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. तुरीचे पोते आले की व्यापारी वरवरची तूर पाहून भाव करत नाही. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो, आतली मूठभर तूर तळहातावर घेतो, फुंकर मारून पाहतो. एकाच जागी नाही, दोन-चार जागी. बायॉप्सी हीच गोष्ट आहे. रुग्णाला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात. अंगठ्याएवढ्या जाडीची सोनोग्राफीची नळी गुदद्वारातून आत घालतात, म्हणजे पडद्यावर ग्रंथी दिसते. ग्रंथीच्या बाजूला बधिर करणारे इंजेक्शन देतात. मग स्प्रिंगवर चालणारी बारीक सुई ‘टक्’ असा आवाज करून क्षणात आत जाऊन बाहेर येते आणि तिच्या खाचेत दोरीच्या धाग्याएवढा मांसाचा तुकडा असतो. असे साधारण १२ तुकडे, ग्रंथीच्या ठरलेल्या निरनिराळ्या भागांतून. सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटे. माणूस त्याच दिवशी घरी जातो. लघवीतून काही दिवस थोडे रक्त येते, वीर्यात काही आठवडे लाली दिसते. हे आधी सांगितले नाही तर माणूस घाबरून जातो, म्हणून येथे लिहिले. खरा धोका आहे तो तापाचा. गुदाशयातले जंतू सुईबरोबर रक्तात जाऊ शकतात. थंडी वाजून ताप आला तर ‘सकाळी पाहू’ म्हणायचे नाही, त्याच रात्री रुग्णालय गाठायचे. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढल्याने हा धोका वाढला, आणि म्हणून अनेक ठिकाणी आता सुई गुदाशयातून न घालता वृषणांच्या मागच्या त्वचेतून घालतात. तसे केल्याने जंतुसंसर्ग बराच कमी होतो.

ही पद्धत तशी अलीकडची. पूर्वी डॉक्टर बोटाने गाठ चाचपून त्या अंदाजाने सुई घालीत. १९८९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या मदतीने ग्रंथीच्या सहा भागांतून पद्धतशीर सहा तुकडे घेण्याची रीत मांडली आणि पुढे सहाचे बारा झाले. तरीही पोते ते पोतेच. बारा ठिकाणी नळी खुपसूनही किडका भाग नेमका सुटू शकतो. अहवाल निर्दोष आला आणि संशय उरला, तर पुन्हा तपासावे लागते, हेही लक्षात ठेवलेले बरे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? रक्ताचा आकडा ६४ आहे, बोटाला दगड लागतो आहे, हे पुरे नाही का? बहुतेक वेळा पुरे नसते. पी. एस. ए. हे ग्रंथीत तयार होणारे प्रथिन आहे. ते कर्करोगाचे नाही, ग्रंथीचे आहे. साध्या वाढीत ते वाढते, जंतुसंसर्गात वाढते. आपल्या देशात तर आणखी एक बहुरूपी आहे, क्षय. प्रोस्टेटचा क्षय हाताला कर्करोगासारखा कठीण लागू शकतो, रक्ताचा आकडाही चढवतो. त्याचा उपचार गोळ्यांनी होतो. अशा माणसाला सुईवाचून कर्करोगाचा शिक्का मारला तर केवढा अनर्थ! आणि दुसरे असे की कर्करोग असला तरी तो कोणत्या स्वभावाचा आहे, हे केवळ तुकडाच सांगतो.

हा स्वभाव मोजण्याची रीत डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये दिली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याने एकेकट्या पेशीकडे न पाहता त्यांच्या मांडणीकडे पाहिले. निरोगी ग्रंथीत पेशी ओळीने, गोल कडी करून बसलेल्या असतात. रोग जितका दांडगा तितकी ही कडी मोडत जाते, आणि शेवटी पेशी वाट फुटेल तिकडे पसरतात. या मांडणीला त्याने १ ते ५ असे क्रमांक दिले आणि नमुन्यात सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन मांडण्यांची बेरीज केली. आज १ आणि २ हे क्रमांक सुईच्या तुकड्यावर जवळजवळ दिलेच जात नाहीत. त्यामुळे व्यवहारात सर्वांत सौम्य कर्करोगाचा आकडा ६ आणि सर्वांत उग्र १०. दहापैकी सहा ऐकून माणसाला वाटते रोग निम्म्याच्या पुढे गेला. म्हणून २०१४ पासून याच्या जोडीने १ ते ५ असे सोपे गटही वापरात आले. आपल्या घरात असा अहवाल आला, तर आधी हा आकडा पाहावा आणि डॉक्टरांना त्याचा अर्थ विचारावा. विचारण्यात कमीपणा नाही.

मामांकडे परत येतो. २०१७ च्या जानेवारीत त्यांची कंबर धरली. तेल चोळून झाले, शेक झाला. गावातल्या एका कोरकू शेजाऱ्याने भूमकाकडे नेले, त्याने झाडपाला दिला. मी भूमकाला दोष देत नाही. तो हाकेच्या अंतरावर असतो, एस. टी.चे भाडे लागत नाही, आणि तो माणसाचे सगळे बोलणे ऐकून घेतो. फेब्रुवारीत एका सकाळी मामा खाटेवरून उठायला गेले आणि पाय उचलेनात. मणक्यात पसरलेल्या रोगाने मज्जारज्जू दाबला होता. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. चालता-बोलता आलेला माणूस उपचारांनंतर बहुधा चालता राहतो. पाय पूर्ण गेल्यावर दोन-तीन दिवसांनी आलेल्याचे पाय सहसा परत येत नाहीत. मामा तिसऱ्या दिवशी अमरावतीला पोहोचले.

एकाच दिवशी डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. नऊ महिन्यांपूर्वी नाकारलेली सुई, आणि वृषण काढण्याची शस्त्रक्रिया. दुसरे नाव ऐकून मामी रडू लागल्या. हा उपाय चार्ल्स हगिन्स या शल्यविशारदाने १९४१ मध्ये दाखवून दिला: प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो, ते संप्रेरक तोडले की तो सुकतो. याच कामासाठी हगिन्सला १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शहरातली माणसे हेच काम ठरावीक मुदतीने इंजेक्शने घेऊन करतात. पण सेमाडोहच्या माणसाने दर तीन महिन्यांनी महागडे इंजेक्शन घ्यायला शंभर किलोमीटर यायचे, आणि एखादी खेप पावसात रस्ता बंद पडल्याने चुकायची, त्यापेक्षा एकदाच होणारी ती स्वस्त, छोटी शस्त्रक्रिया बरी, हे डॉक्टरांनी फार चांगल्या शब्दांत समजावले. चौथ्या दिवशी मामांच्या कमरेच्या वेदना निम्म्याहून कमी झाल्या. पाय मात्र आले नाहीत.

आठ दिवसांनी तुकड्यांचा अहवाल आला. मामांनी मला विचारले, ‘आकडा किती?’

‘नऊ, मामा.’

‘दहापैकी?’

‘हो.’

‘मंग पास झालो म्हना की!’ मामा म्हणाले. जन्मात कधी एवढे मार्क मिळाले नव्हते, अशीही वर पुस्ती जोडली. मामी तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. त्यानंतर मामा दीड वर्ष खाटेवर होते.

मे २०१६ मध्ये सुई झाली असती तर मामा वाचले असते काय? कदाचित नसते. ६४ आकडा आणि दगडासारखी गाठ म्हणजे रोग तेव्हाच बाहेर पडला असण्याचा संभव बराच होता. पण वृषणांची शस्त्रक्रिया नऊ महिने आधी झाली असती, आणि मला वाटते, ती शेवटची दीड-दोन वर्षे नाकेदार आपल्या पायांनी सिपनेपर्यंत चालत गेले असते. मला या लेखात एवढ्याचसाठी भांडायचे आहे. आयुष्य किती वाढले, एवढ्यावरच निदानाचे मोल ठरत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण ती न सांगणे लबाडीचे होईल. अमरावतीतले माझे एक परिचित, निवृत्त प्राध्यापक, वय ७१, तब्येत ठणठणीत. कुठल्याशा ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या सवलतीत पी. एस. ए. झाली. आकडा ५.९. घाबरून सुई, सुईनंतर चार दिवस थंडीताप आणि रुग्णालय, अहवालात ग्लीसन ६. मुलांनी धीर न धरता शस्त्रक्रिया करवून घेतली. आज प्राध्यापक कर्करोगमुक्त आहेत आणि लघवीवर ताबा नसल्यामुळे लग्नकार्याला जाणे त्यांनी बंद केले आहे. त्यांना तो रोग कधी काही करणार होता काय? बहुधा नव्हता. इतर कारणांनी वारलेल्या वृद्धांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये निद्रिस्त कर्करोग सापडणे मुळीच दुर्मिळ नाही. पुष्कळ पुरुष या रोगासह मरतात. या रोगाने मरतात ते त्यांतले थोडे.

हे केवळ माझे मत नाही. युरोपातील सुमारे १ लाख ८२ हजार पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. सरसकट पी. एस. ए. तपासणीने या रोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले खरे. पण नऊ वर्षांच्या हिशेबात एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांची तपासणी आणि ४८ जादा माणसांवर उपचार करावे लागत होते. पुढे वर्षे लोटली तसा हा हिशेब सुधारला, पण उलटला नाही. ब्रिटनमध्ये मर्यादित रोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले: एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर किरणोपचार, तिसऱ्यावर नुसती नजर. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत या रोगाने मेलेले सुमारे ३ टक्के! नजर ठेवणे हाही उपचारच आहे, हे आपल्याकडच्या मुलांना, विशेषतः परदेशातून फोनवर सूचना देणाऱ्या मुलांना, पटवणे फार कठीण जाते. १९७० मध्ये प्रोस्टेटमधील या प्रथिनाचा शोध लावणाऱ्यांपैकी एक, रिचर्ड अॅब्लिन, यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकात लेख लिहून सरसकट तपासणीला कडाडून विरोध केला.

म्हणून पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला भरणाऱ्या शिबिरांत चष्मे आणि रक्तदाबाच्या जोडीला आता पी. एस. ए. सुरू झालेली पाहिली की मला आनंद होत नाही. आकडा काढून चिठ्ठी हातात ठेवायची, आणि पुढे त्या माणसाने काय करायचे हे कोणी सांगायचे नाही, हा उपद्व्याप आहे. कर्करोगाच्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचा समावेश आहे, प्रोस्टेटचा नाही. माझ्या मते ते योग्यच आहे. त्रास नसलेल्या ऐंशीच्या आजोबांना धरून बसवून आकडा काढण्याने कोणाचे भले होत नाही. पण याचा अर्थ त्रास असलेल्या माणसालाही ‘वयच झालं आता’ म्हणून परत पाठवावे, असा नव्हे. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. ज्याला गरज नाही त्याच्या दारात तपासणी येते, आणि ज्याला गरज आहे तो शंभर किलोमीटरवर.

मोठ्या माणसांनाही हा विषय चुकत नाही. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ १९८१ मध्ये निवडून आले, त्याच वर्षी त्यांच्या हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झाले आणि अकरा वर्षे ते देशापासून लपवले गेले. १९९६ मध्ये ते वारले. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बायडन यांनी मे २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, आपला रोग जाहीर केला. ग्लीसन ९, हाडांत पसरलेला. माझ्या मामांचाच आकडा! त्यांची शेवटची पी. एस. ए. २०१४ मध्ये झाली होती, असे त्यांच्या कार्यालयाने सांगितले. जगातील सर्वांत जास्त डॉक्टर दिमतीला असलेल्या माणसाचीही ही गत. मामा असते तर या बातमीवर नक्की काहीतरी बोलले असते.

सुई झाडण्याआधी आता एक चाळणी उपलब्ध आहे. एमआरआयमध्ये संशयास्पद जागा दिसली तरच आणि तेथेच सुई घालायची. ५०० पुरुषांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ मध्ये असे दिसले की या मार्गाने २८ टक्के पुरुषांची सुई टळली, आणि तरीही महत्त्वाचे कर्करोग जुन्या रीतीपेक्षा जास्त सापडले: २६ टक्क्यांऐवजी ३८ टक्के. शहरात राहणाऱ्या, आकडा थोडासाच चढलेल्या वाचकाने डॉक्टरांना हा प्रश्न अवश्य विचारावा. उलट, अगदी थकलेला म्हातारा, आकडा शेकड्यात आणि हाडांत रोग उघड दिसत असेल, तर सुईवाचूनही उपचार सुरू करता येतात. तिथे बायॉप्सीचा आग्रह धरणे म्हणजे नुसता छळ.

मेळघाटात आरोग्याची कामे झालेली नाहीत असे कोणी म्हणू नये. १९८० च्या दशकापासून बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे आहेत, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून धारणीजवळ उतावलीला डॉ. आशिष सातव आहेत. सेमाडोहला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण या साऱ्या यंत्रणेची नजर, आणि ते स्वाभाविकही आहे, आई आणि बाळाकडे लागलेली आहे. मुलाचे वजन दर महिन्याला होते. साठीच्या पुरुषाला ‘धार कशी आहे?’ असे विचारण्याची कोणाचीच जबाबदारी नाही. आणि जो निदानावाचून मरतो तो कर्करोगाच्या कोणत्याच नोंदीत येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा तिथले कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या खेड्याखेड्यांत फिरून त्यांनी माणसे गाठली आणि तपासणीला आणली. मेळघाटाला हा धडा लागू पडतो.

मला जे मागायचे आहे ते अवाढव्य नाही. प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टराने लघवीची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषाला बोटाने तपासावे. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त पडदा आणि दोन मिनिटे लागतात. रक्ताचा नमुना परतवाड्याला जाऊ शकतो. आणि सुई? ती सोनोग्राफीसह अचलपूरच्या किंवा धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात, अमरावतीहून महिन्यातून एक दिवस तज्ज्ञ येऊन करू शकतो. तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत ठेवले की ते प्रवासाला तयार असतात. बाटलीला एस. टी. लागत नाही, झोप लागत नाही, अमरावतीत मुक्कामाची सोय लागत नाही. आज मात्र बाटलीऐवजी माणूस हेलपाटे घालतो: एक खेप तपासायला, एक सुईला, एक अहवालाला, आणि प्रत्येक खेपेला सोबत कोणीतरी मजुरी बुडवून. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कर्करोगाचे उपचार होतात, पण त्यासाठी आधी निदानाचा कागद लागतो, आणि त्या कागदाशी पोहोचेपर्यंतच माणूस दमून घरी बसतो. आणखी एक. लघवीच्या अडथळ्यासाठी दुर्बिणीतून ग्रंथी खरवडून काढतात, त्या खरवडलेल्या मांसाची तपासणी झाली का, हे नातेवाइकांनी विचारून घ्यावे. पैसे वाचवायला म्हणून ते फेकून दिलेले मी ऐकले आहे.

घरातल्या बायकांना माझे वेगळे सांगणे आहे. रात्री दाराची कडी किती वेळा वाजते, हे घरात त्यांनाच ठाऊक असते. मामींना ठाऊक होते, दोन वर्षे. पण पुरुषाच्या त्या दुखण्याविषयी बोलायचे कसे आणि कोणाजवळ? मला, भाच्याला, सांगायलाही त्यांना लाज वाटली.

मामांचा धाकटा मुलगा आता ४८ वर्षांचा आहे. त्याने गेल्या वर्षी मला विचारले, ‘दादा, मलाही सुई करून घ्या लागन काय?’ सुई नाही, पण वडिलांना हा रोग झालेल्या मुलाने पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांशी बोलून रक्ताची तपासणी करून घेणे शहाणपणाचे, असे मी त्याला सांगितले. तो सकाळच्या गाडीने परतवाड्याला गेला, रक्त देऊन संध्याकाळच्या गाडीने परत आला. आकडा १.१ आला. डॉक्टरांनी बोटानेही तपासले आणि दोन वर्षांनी पुन्हा यायला सांगितले. ती तारीख मामींनी कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.